बादलीपर्यंतचा तास : सर्जरीच्या एका थिसिसची हकीकत

नोव्हेंबर 2022 मध्ये मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जनरल सर्जरीच्या एम.एस. अभ्यासक्रमाला मी रुजू झाले आणि जून 2025 मध्ये माझा थिसिस विद्यापीठात जमा झाला. मधल्या 31 महिन्यांत कॅज्युअल्टी, वॉर्ड आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) यांतून मिळेल तेवढ्या वेळात हे काम कसे झाले, ते क्रमाने लिहून ठेवते आहे. पहिल्या वर्षी ज्या सीनियरांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी "होऊन जातो गं" एवढेच सांगितले होते. होऊन जातो हे खरे आहे. पण कशानंतर काय करायचे आणि कुठे किती दिवस थांबावे लागते, हे आधी ठाऊक असते तर माझे निदान चार महिने वाचले असते.

विषय मी निवडला नाही. मला हर्नियावर काहीतरी सुटसुटीत करायचे होते, कारण हर्नियाचे रुग्ण आमच्या ओपीडीत भरपूर असतात. गाईड सरांनी मात्र जानेवारी 2023 मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा विषय पुढे ठेवला आणि पॅथॉलॉजीच्या एका मॅडमना को-गाईड म्हणून घ्यायला सांगितले. गाठ असलेल्या स्त्रीची आधी ट्रूकट सुईने बायोप्सी होते आणि त्या दोऱ्यासारख्या बारीक तुकड्यांवर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देते का ते दाखवणारी प्रथिने) आणि हर-2 (गाठीच्या वाढीशी संबंधित प्रथिन) या तीन तपासण्या होतात. पुढे शस्त्रक्रियेत स्तन काढल्यावर त्याच गाठीवर याच तपासण्या पुन्हा केल्या तर उत्तर तेच येते का, आणि येत नसेल तर स्तन शरीरावेगळा झाल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) पडेपर्यंत गेलेल्या वेळेशी त्याचा काही संबंध दिसतो का, हा आमचा प्रश्न होता. रक्तपुरवठा तुटल्यावर पेशींतील विकरे प्रथिने मोडू लागतात आणि जी प्रथिने आपण तपासणार आहोत तीही त्यात सापडू शकतात. ईआर प्रत्यक्षात असूनही तपासणीत दिसला नाही, तर त्या बाईंना टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल हे संप्रेरकरोधक औषध सुरू होत नाही. म्हणूनच अमेरिकेतील एएससीओ आणि सीएपी या संस्थांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नमुना एका तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे आणि तिथे किमान 6 व जास्तीत जास्त 72 तास राहिला पाहिजे. वाचताना ही गोष्ट अगदीच साधी वाटली होती. आपल्या ओटीतील तो तास नेमका कोणाच्या ताब्यात असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

त्याच सुमारास संशोधनपद्धतीचा ऑनलाईन अभ्यासक्रमही करायचा होता. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) चेन्नईतील संस्थेचा हा बीसीबीआर अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे आणि बहुतेक जण तो परीक्षेपुरता उरकतात. मीही दुप्पट वेगाने व्हिडिओ लावून तो संपवला आणि नंतर पस्तावले, कारण नमुनासंख्या काढण्याचे प्रकरण मला सिनॉप्सिसच्या (थिसिसच्या आराखड्याच्या) वेळी पुन्हा पहिल्यापासून पाहावे लागले. सिनॉप्सिस लिहायला बसण्याच्या आठवड्यातच हा अभ्यासक्रम पाहिला तर तो खरोखर उपयोगी पडतो.

नमुनासंख्येसाठी मी पीएसएम (सामुदायिक वैद्यक) विभागात गेले. तिथल्या सरांनी पहिल्याच भेटीत विचारले, "किती रुग्ण लागतील ते सांगतो, पण मिळतील किती, ते पाहून आलात का?" मी पाहिले नव्हते. दोन निकालांत 95 टक्के जुळणी अपेक्षित धरली आणि 6 टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर नेहमीच्या सूत्राने 51 रुग्ण येतात. दुसऱ्या दिवशी ओटीचे मागच्या वर्षाचे रजिस्टर काढले तेव्हा आकडा पुरेसा दिसला आणि मी निश्चिंत झाले. त्या रजिस्टरात शस्त्रक्रिया लिहिलेली असते, तिच्याआधी केमोथेरपी झाली होती का ते नसते, हे माझ्या लक्षात आले नाही. केमोनंतर गाठीचे गुणधर्म बदलू शकतात, म्हणून असे रुग्ण अभ्यासातून वगळायचे होते. आणि आमच्याकडे येणाऱ्या बाया इतक्या उशिरा येतात की त्यांतील बऱ्याच जणींना आधी केमोच द्यावी लागते. ही चूक पुढे दीड वर्ष पुरली. निवडीचे आणि वगळण्याचे निकष आधी लिहावेत, मग ते निकष हातात धरून जुने केसपेपर मोजावेत, नुसत्या रजिस्टरवर विसंबू नये.

मे 2023 च्या सुरुवातीला सिनॉप्सिस एथिक्स कमिटीकडे दिला. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत साधारण 7 ते 15 सदस्य असतात, बैठकीला किमान 5 जण लागतात आणि त्यांत वैद्यकीय क्षेत्राबाहेरची माणसेही असावी लागतात. आमच्या समितीची बैठक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे कागद देऊन सहा आठवडे नुसती वाट पाहण्यात गेले. माझी तयारी सगळी वैद्यकीय प्रश्नांची होती. प्रश्न विचारला तो एका निवृत्त शिक्षिकेने, ज्या समितीत सामान्य नागरिकांच्या बाजूने बसतात. माझ्या मराठी माहितीपत्रकातील एका वाक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ऊतकांचे प्रतिरक्षारासायनिक परीक्षण म्हणजे काय हो? मी मराठी शिकवलेली आहे, मलाही कळले नाही." मी ते इंग्रजी मसुद्यावरून शब्दकोश घेऊन उतरवले होते. दुसरा प्रश्न पैशांचा होता: नमुन्यावर पुन्हा होणारी तपासणी केवळ अभ्यासासाठी आहे, तेव्हा तिचा खर्च रुग्णाकडून किंवा तिच्या योजनेतून घेता येणार नाही, मग तो कोण करणार? तिसरा, दोन निकाल वेगळे आले तर ते रुग्णाला आणि तिच्या डॉक्टरांना कळवणार की नाही? हा प्रश्न आम्ही कोणीच मांडला नव्हता आणि मला त्याची खरोखर लाज वाटली.

जुलैच्या बैठकीत सुधारलेला मसुदा ठेवला. "गाठीचा जो भाग काढला आहे, त्याचा छोटा तुकडा पुन्हा तपासणार आहोत, त्यासाठी तुम्हाला वेगळी सुई टोचणार नाही, पैसे लागणार नाहीत, आणि नको म्हणालात तरी उपचार तसेच चालू राहतील", असे त्यात लिहिले. वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी अंगठ्याच्या ठशाशेजारी निःपक्ष साक्षीदाराच्या सहीची जागा केली. हा साक्षीदार आपल्या युनिटचा नसावा, हे लक्षात ठेवावे. वेगळ्या आलेल्या निकालाची माहिती उपचार करणाऱ्या युनिटला लेखी देण्याचे कलम घातले. मंजुरीचे पत्र 28 जुलैला हातात पडले.

त्यानंतर सीटीआरआय. वैद्यकीय चाचण्यांची ही भारतीय नोंदवही 2007 पासून आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत आणि आपल्यासारखे निव्वळ निरीक्षणाचे अभ्यासही तिथे नोंदवता येतात. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी पूर्ण व्हावी लागते; आधी रुग्ण, मग नोंदणी असे चालत नाही. माझा अर्ज दोनदा परत आला. एकदा शास्त्रीय शीर्षक एथिक्स कमिटीच्या पत्रातील शीर्षकाशी तंतोतंत जुळत नव्हते म्हणून, आणि एकदा मोजायच्या परिणामांपुढे ते केव्हा मोजणार हे लिहिले नव्हते म्हणून. क्रमांक मिळायला एकूण 24 दिवस लागले. शीर्षक एकदा ठरले की सिनॉप्सिस, समितीचे पत्र, सीटीआरआय आणि थिसिसचे मुखपृष्ठ या चारही ठिकाणी ते स्वल्पविरामासकट सारखेच राहू द्यावे.

त्या 24 दिवसांत मॅडमच्या सांगण्यावरून मी एक वेगळे काम केले. कोणत्याही रुग्णाची माहिती न घेता, केवळ ओटीची रीत समजावी म्हणून, स्तनाच्या शस्त्रक्रिया असतील त्या दिवशी घड्याळ आणि वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. सात नमुने पाहिले. फॉर्मॅलिनमध्ये पोहोचायला सर्वांत कमी वेळ लागला 50 मिनिटे आणि सर्वांत जास्त 4 तास 20 मिनिटे. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही. काढलेला स्तन ट्रेमध्ये ओल्या गॉझखाली राहतो, कारण सर्जन अजून काखेतील गाठी काढत असतात किंवा रक्तस्राव थांबवत असतात. मग टाके होतात. मग ट्रे बाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवायची आपल्याकडची पद्धत आहे. मग हिस्टोचा (ऊतक तपासणीचा) फॉर्म भरायचा, त्यावर सही घ्यायची. आणि मग डबा लॅबमध्ये नेऊन देण्याचे काम बहुतेक वेळा नातेवाइकावरच येते. पाचव्या नमुन्याच्या वेळी धोतर-टोपीतले एक आजोबा बायकोच्या नमुन्याचा डबा छातीशी धरून दोन इमारतींमध्ये लॅब शोधत फिरत होते. लॅबचे काउंटर जेवणासाठी बंद होते, तर ते पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसले. डब्यात फॉर्मॅलिन नव्हे, सलाईन होते. मी त्यांना उठवून आत नेले, पण त्या दिवसानंतर माझ्या प्रश्नाकडे मी केवळ परीक्षेचा विषय म्हणून पाहू शकले नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत जी व्यवस्था बसवली, तीच या सगळ्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते. 700 ग्रॅमचा स्तन असेल तर 7 लिटर; त्याला बरणी पुरत नाही. म्हणून झाकणाच्या 10 लिटरच्या बादल्या आणल्या. साध्या पाण्यात केलेले फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते, म्हणून लॅबमध्ये बफर घालून द्रावण करायचे ठरले: 100 मिलिलिटर बाजारी फॉर्मॅलिन, 900 मिलिलिटर पाणी, 4 ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि 6.5 ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. ओटीच्या इन्चार्ज सिस्टरांनी आधी स्पष्ट नकार दिला, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते आणि बादली लवंडली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागणार. खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा असलेल्या धुण्याच्या खोलीत, जमिनीलगत, हातमोज्यांच्या खोक्यासह बादली ठेवायची आणि ती भरण्या-नेण्याची जबाबदारी आम्हा रेसिडेंटांची, या अटीवर त्या तयार झाल्या. पुढे मात्र वेळेची नोंद त्यांनीच आमच्यापेक्षा जास्त काटेकोरपणे ठेवली. ओटीतल्या मामांनी (मदतनीसांनी) बादलीला दोरीचे हँडल बांधून दिले, तेही माझ्या डोक्यात आले नव्हते.

घड्याळ केव्हा सुरू करायचे यावर सर आणि मॅडम यांचे दोन दिवस एकमत होईना. शेवटी ठरले की स्तन शरीरापासून पूर्ण सुटा झाला ती पहिली वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडाला ती दुसरी. यापेक्षा अवघड वाद पुढे होता. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. अख्खा स्तन बादलीत टाकला तर वरचा थर वेळेत टिकतो, पण मधली गाठ रात्रभर तशीच सडत राहते. मॅडमचे म्हणणे, नमुना ओटीतच चिरा. सरांचे म्हणणे, सर्जनने चिरला तर कडा बिघडतील आणि कर्करोग कडेपर्यंत पोहोचला होता का हे सांगता येणार नाही. दोघांचेही बरोबर होते. तोडगा असा निघाला: वरच्या कडेला आखूड आणि बाहेरच्या कडेला लांब टाका घालायचा, छातीच्या स्नायूंकडचा मागचा पृष्ठभाग इंडिया इंकने रंगवायचा, शाई सुकू द्यायची, आणि मग मागच्या बाजूने सेंटिमीटरभराच्या अंतराने काप द्यायचे, पण पुढची त्वचा अखंड ठेवायची. पावाच्या लादीसारखे, खालून जोडलेले. कापांमध्ये गॉझ ठेवला की फॉर्मॅलिन आत जाते. पहिले चार नमुने मॅडमनी स्वतः ओटीत उभे राहून माझ्याकडून चिरून घेतले. सर्जरीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी ग्रॉसिंगच्या (नमुना पाहून, कापून तपासणीचे तुकडे निवडण्याच्या) टेबलाशी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. आपण "नमुना पाठवला" म्हणतो तेव्हा समोरच्याच्या हातात काय पडते, ते तिथेच कळते.

पहिला रुग्ण 11 सप्टेंबर 2023 ला घेतला. त्यानंतरचे 17 महिने मुख्यतः थांबण्याचे होते. महिन्याला तीन, कधी दोन. मे 2024 मध्ये एकही नाही. संमती घेण्यासाठी मी शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी जायचे, पण तेव्हा बाया घाबरलेल्या असतात आणि कशावरही अंगठा द्यायला तयार असतात. ते मला पटेना. नंतर बायोप्सीचा निकाल सांगून दोन-तीन दिवस झाले की ओपीडीतच बोलू लागले, आणि तेव्हा प्रश्न येऊ लागले. एका बाईंनी विचारले, "माझा तुकडा किती दिवस ठेवणार? आणि नंतर टाकणार कुठं?" मेणातले ब्लॉक विभागात जपून ठेवतात आणि उरलेला भाग पिवळ्या पिशवीतून जाळण्यासाठी जातो, असे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग बरंय." दोघींनी नकार दिला. त्यांची नावे यादीतून काढताना मला वाईट वाटले, कारण आकडा हवा होता. पण नकार देता आला, याचा अर्थ पत्रक कळले होते.

लॅबमधले काम मी पॅथॉलॉजीच्या एका ज्युनियर रेसिडेंट मैत्रिणीच्या आणि टेक्निशियन काकांच्या भरवशावर शिकले. 3 ते 4 मायक्रॉनचे काप, प्रेशर कुकरमध्ये सायट्रेट बफरात उकळणे, हवे ते प्रथिन शोधणारी अँटिबॉडी, मग ते असेल तिथे डीएबी या रसायनाचा तपकिरी रंग. कुकरच्या वाफेत पहिल्या खेपेचे निम्मे काप स्लाईडवरून सुटून वाहून गेले, कारण खास लेप दिलेल्या स्लाईडऐवजी आम्ही साध्या वापरल्या होत्या. दुसऱ्या वेळी सगळे ईआर निगेटिव्ह आले आणि मी निकाल लिहायला बसले होते. मॅडमनी स्लाईडच्या कोपऱ्यातील निरोगी दुग्धनलिका दाखवली. तीही रंगली नव्हती. निरोगी नलिकेतील काही पेशींत ईआर असतोच, तेव्हा ती कोरी असेल तर निगेटिव्ह लिहायचे नसते, तपासणीच फसली असे समजायचे. अँटिबॉडीचा तो संच वीज गेल्यावर फ्रीजबाहेरच्या तापमानात राहिला होता. 2024 च्या दिवाळीत सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेला एक नमुना 72 तासांहून अधिक काळ बादलीत राहिला आणि वगळावा लागला. शनिवारी शस्त्रक्रिया झाली तर सोमवारी सकाळी ग्रॉसिंग करून मर्यादेत बसते. लागून सुट्ट्या असतील तर आधीच कोणाची तरी ड्यूटी विचारून ठेवावी. हर-2 चे उत्तर 2+ आले की ते अनिश्चित धरतात आणि फिश ही जनुकाची तपासणी लागते. ती आमच्याकडे होत नाही आणि माझ्या खिशाबाहेरची होती, म्हणून ही मर्यादा थिसिसमध्ये सरळ लिहिली.

खर्च: अँटिबॉडी आणि डिटेक्शन किटचा माझा वाटा 34,000 रुपये, लेपाच्या स्लाईड 4,500, बादल्या, शाई, लेबले मिळून 1,800, छपाई आणि बांधणी 5,200. काही रसायने विभागाने दिली, नाहीतर आकडा बराच वर गेला असता. स्टायपेंडमधून हे एकदम काढणे जड जाते, म्हणून किट मागवण्याआधी दोन-तीन थिसिसवाल्यांनी एकत्र यावे. अँटिबॉडीची मुदत संपत असतेच.

फेब्रुवारी 2025 अखेर 43 रुग्ण झाले, 51 नव्हे. परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा व्हावा लागतो, तेव्हा थांबणे भाग होते. मला सूत्रातील 6 टक्क्यांचे 7 करून आकडा जुळवण्याचा मोह झाला. पीएसएमच्या सरांनी हसत विचारले, "कपडे बसत नाहीत म्हणून टेप ताणणार का?" म्हणून ठरलेले 51, मिळालेले 43, कारण अमुक, असे लिहिले. जुळणी कप्पा गुणांकाने (योगायोगाने होणारी जुळणी वजा करून) मोजली. ईआरची जुळणी चांगली आली, पीआरची तिच्याहून कमी. वेळेचा परिणाम मात्र ठामपणे सांगता आला नाही, कारण बादली ओटीत आल्यावर उशीर झालेले नमुनेच फार थोडे उरले. व्यवस्था सुधारल्याने प्रश्नच निसटला, यावर सर आणि मॅडम दोघेही हसले. मला हसू यायला थोडे दिवस लागले.

मार्च ते मे लिखाण. वाङ्मयचौर्याची तपासणी पहिल्यांदा 19 टक्के साम्य दाखवत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच सूट आहे. साम्य प्रामुख्याने पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात होते. तिथे वाक्ये फिरवत बसण्यापेक्षा मूळ लेख मिटून ठेवून आठवेल ते लिहिले आणि मग आकडे पडताळले. 7 टक्क्यांवर आले. सह्यांसाठी पाच दिवस राखून ठेवावेत. माझे विभागप्रमुख नेमके त्या आठवड्यात परीक्षक म्हणून बाहेरगावी होते.

थिसिस जमा झाल्यावर मी फाईल कपाटात टाकली. ऑगस्टमध्ये एथिक्स कमिटीच्या कार्यालयातून विचारणा आली की अभ्यास संपल्याचा अहवाल कुठे आहे. तो द्यायचा असतो हे मंजुरीच्या पत्रातच, दुसऱ्या पानावर खाली, लिहिलेले होते. किती रुग्ण घेतले, किती नकार, वगळलेला एक नमुना आणि त्याचे कारण, किती निकाल वेगळे आले आणि ते युनिटला कोणत्या तारखांना कळवले, अशी दोन पाने लिहून दिली, सीटीआरआयवरील स्थितीही बदलली, आणि पोच घेतली.